नागपूरहून जर्मनीला पार्सल: ट्रॅकिंग गप्प झालं तर

हौ, पोचतं. तू विचारलंस की ऑक्टोबरमध्ये मास्टर्ससाठी जर्मनीला आल्यावर आईने नागपूरहून मसाले आणि कागदपत्रं पाठवली तर मिळतील का, आणि ट्रॅकिंगवर किती भरवसा ठेवायचा. मला इथे सहा वर्षं झाली. घरून निघालेलं एकच पार्सल मला मिळालं नाही, आणि तेही वाटेत हरवलं नव्हतं. माझ्या दारातून परत गेलं होतं.

झालं असं, की पहिल्या वर्षी मी एका बाईंकडे खोली घेऊन राहायचो. इथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन बेलवरचं आणि पत्रपेटीवरचं आडनाव वाचतो. बेलवर बाईंचं नाव, माझं कुठेच नाही. धरमपेठेत पोस्टमन खालच्या पानवाल्याला विचारून तरी देतो. इथे ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ असा शेरा पडला आणि अडीच महिन्यांनी आईच्या हातात तिचाच डबा. तेव्हा खोली मिळाली की पहिल्या दिवशी आडनाव चिकटव. ते जमत नसेल तर पत्त्यात तुझ्या नावाखाली ‘केअर ऑफ’ लिहून घरमालकाचं आडनाव टाक. यू वर दोन टिंबं असलेलं अक्षर पोस्टाच्या खिडकीवर टाइप होत नसेल तर ‘यूई’ ही दोन अक्षरं लिहायची, चालतं.

आता ट्रॅकिंग. पावतीवर १३ अक्षर-आकड्यांचा नंबर असतो: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. पहिलं अक्षर ‘ई’ असेल तर स्पीड पोस्ट, ‘सी’ असेल तर साधं पार्सल. पार्सल भारताबाहेर पडलं की हाच नंबर डीएचएलच्या, म्हणजे इथे टपालाची पार्सलं वाटणाऱ्या कंपनीच्या, जर्मन साइटवर टाकायचा, आपल्या पोस्टाच्या साइटवर डोळे लावून बसायचं नाही. मधे मात्र एक शांत काळ येतो. आमची पार्सलं मुंबईमार्गे जातात. तिथे कस्टम्स झालं की थैली बंद होते, आणि ती जर्मनीत उघडेपर्यंत आतल्या डब्याला कोणी स्कॅन करत नाही. माझ्या बाबतीत ही शांतता कधी चार दिवस, कधी तीन आठवडे टिकली. आई दर वेळी घाबरते. तुझीही घाबरेल, आधीच सांगून ठेव.

खरोखरच हरवलं तर चौकशी पाठवणाऱ्याने, म्हणजे नागपुरातूनच, करायची असते. साध्या पार्सलला मुदत सहा महिने. म्हणून आईला सांग, पावतीचा फोटो लगेच पाठव आणि मूळ पावती जपून ठेव.

डबा अडतो तो बहुतेक वेळा कस्टम्सच्या फॉर्ममुळे. ‘फूड आयटम्स’ एवढंच लिहिलं तर तुला झोलआम्टला, म्हणजे कस्टम्सच्या ऑफिसात, हेलपाटा पडू शकतो. प्रत्येक वस्तू, वजन, किंमत इंग्रजीत लिहायची: सावजी मसाला ५०० ग्रॅम, हळद २५० ग्रॅम. घरच्यांनी पाठवलेल्या भेटीला ४५ युरोपर्यंत कर नाही. तूप, खवा, सुकं मटण अजिबात नको, दूध आणि मांसाचे पदार्थ टपालाने युरोपात आणायला बंदी आहे. संत्रा बर्फीत खवा असतो, तेव्हा तीही विसर. ताजी संत्री तर नकोच, त्यांना वेगळं प्रमाणपत्र लागतं.

सीताबर्डीतल्या कुरिअरच्या दुकानातून पाठवणार असशील तर पुढे नेणारी कंपनी कोणती आणि तिचा नंबर काय, हे तिथेच विचार. दुकानाचा स्वतःचा नंबर पुष्कळदा विमानतळाच्या पुढे चालत नाही.

डिग्री आणि मार्कशीटच्या मूळ प्रती टपालात टाकूच नकोस, हँडबॅगेत आण. नंतर काही कागद लागलाच तर स्पीड पोस्ट, आणि स्कॅन आधी मेलवर.

आणि आईला म्हणावं, कुरडया पाठवू नको. पोचेपर्यंत भुगा होतो. पापड चालतात.