बापाचं गुपित असलेला जुना इटालियन कौटुंबिक विनोदी चित्रपट कोणता पाहावा?

माझं उत्तर एकच: १९५१ चा 'ग्वार्दिए ए लाद्री', म्हणजे पोलीस आणि चोर. दिग्दर्शक स्तेनो आणि मारिओ मोनिचेल्ली. तुम्ही घरच्यांपासून लपवाछपवी करणारा एक बाप मागितलात, इथे दोन आहेत.

एस्पोझितो (तोतो) हा युद्धानंतरच्या रोममधला भुरटा चोर. रोमन अवशेष बघायला आलेल्या एका अमेरिकन माणसाच्या गळ्यात तो खोटं प्राचीन नाणं मारतो. तो अमेरिकन नेमका गरिबांना मदत वाटणारा बडा माणूस निघतो. बोत्तोनी (आल्दो फाब्रित्सी) नावाचा पोलीस एस्पोझितोच्या मागे लागतो. इथला पाठलाग मी कितीही वेळा बघू शकतो. रोमच्या वेशीबाहेरची मोकळी माळरानं, दोघेही वयाने उतरलेले, त्यात बोत्तोनी चांगलाच जाडजूड. शेवटी दोघांनाही इतकी धाप लागते की थोडं अंतर राखून ते थांबतात आणि चक्क बोलणी सुरू करतात. दमलेल्या माणसाला दमलेलाच माणूस कळतो, हे तिथे एकाही भाषणाशिवाय दिसतं.

पुढे एस्पोझितो हातावर तुरी देतो आणि बोत्तोनीच्या नोकरीवर गदा येते. चोर पकडून आणला तरच ती वाचणार. पण घरी तो अवाक्षर काढत नाही. साध्या कपड्यांत, ओळख न देता तो एस्पोझितोच्या बायकामुलांशी ओळख वाढवतो, आणि बघता बघता दोन्ही घरांचा घरोबा जमतो. मला हा भाग फार आवडतो, कारण चोराइतकीच पोलिसालाही घरच्यांसमोर मान खाली जाण्याची धास्ती आहे.

(शेवट आधी कळायला नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) दोन्ही कुटुंबं एकत्र जेवायला जमतात तेव्हा उलगडा होतो, पण फक्त या दोघांपुरता. बोत्तोनीचा पाय अटक करायला निघत नाही, तर एस्पोझितोच त्याला ओढत नेतो. घरच्यांना सांगायचं काय, तर प्रवासाला गेलाय.

१९५२ मध्ये कान महोत्सवात याच्या पटकथेसाठी पिएरो तेल्लिनी यांना पुरस्कार मिळाला. छायाचित्रण मारिओ बाव्हाचं, पुढे भयपटांसाठी गाजलेला तोच. सबटायटल्स लावूनच बघा, तोतोच्या बोलण्यातली अर्धी मजा शब्दांत आहे. आणि आवडला तर मोनिचेल्लीचाच १९५८ चा 'ई सोलिती इन्योती' लगेच लावा, त्यातही तोतो आहे.