रीफ टँकमधले कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी हे तिन्ही आकडे एकत्र खाली आले असतील तर आधी मीठ तपासा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मित्राने विचारलंय: २०० लिटरचा रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक), सहा आठवडे झाले, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. कॅल्शियम ३८० आणि मॅग्नेशियम ११५० (लिटरला मिलिग्रॅम), अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, ६.४ डीकेएच (तिचं एकक), पीएच ७.८, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) १.०२३ घनता. मीठ लिटरला ३५ ग्रॅम मोजून घातलंय. पीएच वाढावा म्हणून बफर (कार्बोनेटचं मिश्रण) आणि कॅल्शियम लागोपाठ ओतलं, तर पाणी पांढरंफेक झालं. आता काय घालू?

आत्ता काहीच घालू नका. बाटल्या कपाटात ठेवा.

तुमच्या आकड्यांत एक गोष्ट साफ दिसते. १.०२३ म्हणजे सॅलिनिटी (किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार) ३१ च्या आसपास. समुद्राची ३५. तुमचं ३८० कॅल्शियम त्याच प्रमाणात ३५ वर नेलं तर ४३० होतं, ११५० मॅग्नेशियम जवळपास १३०० होतं. म्हणजे दोन्ही मुळात बरोबर आहेत, पाणीच पातळ आहे. कारणही तुम्हीच लिहिलंय: लिटरला ३५ ग्रॅम. सॉल्ट मिक्समधल्या क्षारांत पाणी बांधलेलं असतं, त्यामुळे ३५ सॅलिनिटीला बहुतेक कंपन्यांचं मीठ ३८ ते ४० ग्रॅमच्या घरात लागतं. त्यात आपल्याकडचा पावसाळा. उघडी पिशवी दमट हवा ओढून घेते आणि वजनात निव्वळ पाणी भरतं. म्हणून मीठ हवाबंद डब्यात ठेवा आणि मिसळल्यावर मोजूनच टँकमध्ये घाला.

रिफ्रॅक्टोमीटरही एकदा तपासा, पण आरओच्या पाण्यावर नको. शून्यावर बरोबर दाखवणारं यंत्र ३५ वर चुकू शकतं. ३५ चं कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, ते दोन थेंब काचेवर टाका, मिनिटभर थांबा, मग स्क्रू फिरवा.

सॅलिनिटी वाढवायची ती सावकाश. मीठ थेट टँकमध्ये कधीच टाकायचं नाही. रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भर काही दिवस साध्या पाण्याऐवजी १.०२६ च्या खाऱ्या पाण्याने करा. तुमच्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता खरं पाणी १६० लिटर धरू. दोन लिटर उडत असेल तर दिवसाला सॅलिनिटी अर्ध्या अंकाहून थोडी कमी वाढेल, आठ-दहा दिवसांत काम होईल. ३५ झाली की पुन्हा साध्या पाण्याची भर.

अल्कलिनिटी मात्र मिठाने पुरती भरून निघणार नाही. ६.४ ची फार तर ७.२ होईल. बाकीची त्या पांढऱ्या ढगात गेली: बफरमधलं कार्बोनेट आणि कॅल्शियम एकमेकांना भेटले आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसले. हीटरवर आणि पंपाच्या पात्यावर खरखरीत थर लागला असेल, तो पंप काढून पातळ व्हिनेगरमध्ये भिजवा. सॅलिनिटी ठीक झाल्यावर खाण्याचा सोडा वापरा. बेकिंग पावडर नव्हे. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा साधारण १ डीकेएच वाढवतो, म्हणजे तुमच्याकडे ५ ग्रॅम. रोज अडीच ग्रॅम, आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून, जोराच्या प्रवाहात हळूहळू. ८ ला पोचलात की थांबा. मग आठवडाभर रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा आणि वहीत लिहा. किती खाली जाते ते दिसलं की रोजचा डोस आपोआप ठरेल. नव्या टँकमध्ये कोरल थोडे असतात, पाणी बदलूनही बऱ्याचदा भागतं.

आता पीएच. ७.८ ला घाबरू नका. पावसाळ्यात खिडक्या बंद, घरात माणसं, गॅस पेटलेला. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. खात्री करायची तर टँकचं मगभर पाणी गॅलरीत नेऊन त्यात तासभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालवा. पीएच वर आला तर दोष खोलीतल्या हवेचा आहे. स्किमरची (फेसातून घाण काढणारं यंत्र) हवेची नळी खिडकीबाहेर सोडा, बफर नको.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण यात टँकच्या टँक जातात. स्वयंपाकघरातल्या आरओला हल्ली कॉपरची कार्ट्रिज असते. तांब्याने कोरल, कोळंबी, गोगलगायी मरतात. चवीसाठी त्यात मिनरल किंवा थोडं कच्चं पाणीही मिसळलेलं असतं. म्हणून मेंब्रेननंतर लगेच वेगळी नळी काढा, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य आल्याशिवाय ते पाणी वापरू नका. साठवायला प्लास्टिकचं पिंप, तांब्याची कळशी नाही.

रत्नागिरीहून समुद्राचं पाणी आणण्याचा विचार पावसाळाभर सोडा. खाड्या-नद्यांचं गोडं आणि गढूळ पाणी किनाऱ्यालगत मिसळलेलं असतं. आणि मालवणकडून कोणी प्रवाळ आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

सॅलिनिटी ३५ ला आली की नवे आकडे टाका, त्यात नायट्रेट आणि फॉस्फेटही मोजा.