आजीच्या डोळ्याची तपासणी आणि बीएस्सीची लेक

ताई, नमस्कार.

कराडहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. आजीच्या डोळ्यांच्या तपासणीला लेक सोबत गेली, ओसीटी मशीनच्या, म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या आतलं चित्र काढणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर रेटिनाचे (डोळ्याच्या आतल्या पडद्याचे) थरावर थर दिसले आणि तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणून ती हटून बसली आहे. ती बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही विचारलंय, हे तर डॉक्टरांचं काम, तिथे फिजिक्सवालीला कोण विचारणार? पीएचडी होईपर्यंत किती वर्षं खर्च करायचा? त्यापेक्षा बीएड केलं तर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या मशीनच्या जन्मातच आहे. ओसीटीवरचा पहिला शोधनिबंध 1991 साली अमेरिकेतल्या एमआयटीमधून आला. त्यामागे प्रामुख्याने तिघे होते. जेम्स फुजिमोटो लेझरवर संशोधन करणारे, एरिक स्वॉन्सन उपग्रहांमधल्या लेझर संदेशवहनावर काम करणारे इंजिनिअर, आणि डेव्हिड हुआंग तेव्हा डॉक्टरकी व पीएचडी एकत्र करणारा विद्यार्थी. 2023 मध्ये तिघांना मिळून लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा मोठा पुरस्कार मिळाला. काय बघायचंय ते डॉक्टर सांगतो. ते दिसेल कसं, हे कोडं प्रकाश कळणाऱ्या माणसालाच सोडवावं लागतं.

हे कोडं तुम्हालाही सांगतो, कारण लेक कशाने भारावली ते त्यातून कळेल. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी किती वेळाने परत आला ते मोजतात. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे रेटिनाच्या दोन थरांमधला वेळेचा फरक साध्या इलेक्ट्रॉनिक्सने पकडता येत नाही. म्हणून अनेक तरंगलांबी मिसळलेल्या प्रकाशाचे दोन भाग करतात, एक डोळ्यात आणि एक आरशाकडे. परत आल्यावर दोन्ही भागांनी कापलेलं अंतर काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) आत जुळलं, तरच व्यतिकरणाचे, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून होणारे, पट्टे उमटतात. ज्या थराशी जुळलं, तो थर सापडला.

आता तिला एक काम सांगा. तिच्या कॉलेजात मायकेल्सन इंटरफेरोमीटर असेल, प्रकाशाचे असेच दोन भाग करून पट्टे दाखवणारं उपकरण. सोडियमच्या दिव्यावर त्याचे पट्टे लवकर मिळतात. सरांना विचारून तिने ते पांढऱ्या प्रकाशात शोधावेत, कारण तिथे ओसीटीसारखंच अंतर नेमकं जुळावं लागतं. स्क्रू केसभर फिरवायचा, थांबायचं, पुन्हा फिरवायचा. कोणी शेजारून चाललं तरी पट्टे थरथरतात. जरा जास्त फिरवलं की रंगीत पट्टे आले आणि गेले, कळतसुद्धा नाही. बाकीची मुलं जर्नलवर सही घेऊन एसटी स्टँडवर पोचलेली असतील. अशा वेळी ती आपणहून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते का, हे मला तिच्या मार्कांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. या क्षेत्रातला बराचसा काळ असाच जातो.

पैशाचं स्पष्ट सांगतो. एमएस्सीची दोन वर्षं घरचा आधार लागेल. नंतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. म्हणजे तेविशीनंतर ती घरून पैसे मागणार नाही. मात्र पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, पुढे बहुतेकांना दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, करावं लागतं आणि प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्याच असतात. हे तिला आजच माहीत हवं. वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांत ऑप्टिक्स आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही येणाऱ्यांना काम मिळतं, म्हणून पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तिने आत्ताच शिकायला घ्यावी. फूरिए रूपांतर, म्हणजे एखादा संकेत वेगवेगळ्या लहरींत मोडून पाहायचं गणित, परीक्षेपुरतं पाठ करू नये. आजची ओसीटी मशीन त्याच गणितावर चित्र काढते.

आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीसाठी जॅम ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा आहे. तिचे अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच भरावे लागतात. आयआयटी मुंबई आहेच, पण पुणे विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभागही मी मनापासून सुचवेन, त्याचा प्रवेश मात्र वेगळा असतो. त्याआधी एक उन्हाळा तिने खऱ्या प्रयोगशाळेत काढावा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिच्या जाहिरातीवर दिवाळीच्या सुमारास लक्ष ठेवा.

बीएड वाईट नाही, पण ते एमएस्सीनंतरही करता येतं. आज त्यासाठी तिला अडवू नका, ही माझी कळकळीची विनंती. तुम्ही लिहिलं नाहीत, पण लग्नाची काळजी ओळींमधून दिसली. जेआरएफ सुरू होईपर्यंत तो विषय घरात काढू नका.

पांढऱ्या प्रकाशात पट्टे मिळाले, किंवा नाही मिळाले, तरी नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो तिला मला पाठवायला सांगा.