शहरात अग्निशमन केंद्रं किती हवीत आणि प्रत्येकात माणसं किती, हे कोण आणि कसं ठरवतं? लोकसंख्येला भागायचं एखादं सूत्र असतं का?

सूत्रं आहेत, पण लोकसंख्या भागिले अमुक हे त्यातलं सगळ्यात कच्चं. मी काही वर्षं एका अग्निशमन दलाच्या नियोजनाच्या टेबलावर काढली. तिथे आमचा सगळा हिशोब मिनिटांत चालायचा.

बंद खोलीत आग वाढत गेली की छताजवळची हवा साधारण 600 अंश सेल्सिअसला पोचते आणि खोलीतलं सगळं सामान एकदम पेट घेतं. लाकूड-कापसाच्या जुन्या सामानाच्या खोलीला इथवर यायला वीस-पंचवीस मिनिटंही लागायची. आताच्या फोमच्या सोफ्यांना आणि प्लास्टिकला चार-पाच मिनिटं पुरतात. बंबाने त्याच्या आत पोचावं अशी अपेक्षा असते, म्हणून केंद्राची जागा या वेळेवरून मागे मोजत यावी लागते.

अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेचं 1710 हे मानक जगभर संदर्भाला घेतात. त्यात आगीच्या वर्दीसाठी, म्हणजे आग लागल्याची खबर आल्यावर, केंद्रातून निघायला 80 सेकंद आणि पहिली गाडी पोचायला 240 सेकंदांचा प्रवास धरलाय. तोही सरासरीने चालत नाही, 90 टक्के वर्द्यांना साधला पाहिजे. सरासरीवर माझा मुळीच विश्वास नाही. नऊ वर्द्यांना चार मिनिटं आणि दहावीला चौदा मिनिटं लागली, तरी अहवालात सुबक पाच मिनिटं छापता येतात. दहाव्या घराचं काय झालं ते त्या आकड्यात दिसत नाही.

हे 80 सेकंद म्हणजे काय, ते एकदा स्टॉपवॉच घेऊन पाहिलं. रात्री अडीचची वर्दी. घंटा झाल्यावर दिवे आपोआप लागले, तरी पहिला जवान खोलीच्या दारात यायला वीस सेकंद गेली. बूट आणि विजार एकातएक घालून ठेवलेली असतात, म्हणजे पाय घालून वर ओढलं की झालं. तिघे गाडीत बसले, चौथा कोटाच्या चेनशी झटत होता. त्यात गाडीचा चार्जिंगचा प्लग काढायचा राहिला, तो काढायला एक जण पुन्हा खाली उतरला. चाक फिरलं तेव्हा 97 सेकंद झाली होती. ही सगळी तरबेज माणसं होती. पुढे आम्ही झोपायची खोली वरच्या मजल्यावरून खाली आणली, आणि तेवढ्याने जे साधलं ते नवा बंब घेऊनही साधलं नसतं.

आता प्रवास. ताशी सरासरी 35 किलोमीटर पडले तर 240 सेकंदांत सव्वादोन किलोमीटरच्या थोडं पुढे जाता येतं, तेही रस्त्याच्या वळणांनी. कोंडीमुळे वेग निम्मा झाला की अंतर निम्मं होतं आणि आवाक्यातलं क्षेत्रफळ पाव. जे काम एका केंद्रात भागायचं त्याला ढोबळ मानाने चार केंद्रं लागतात. नकाशावर केंद्राभोवती गोल काढून दाखवणाऱ्यांवर म्हणूनच माझा राग आहे. नदी, रेल्वेचं फाटक, एकेरी रस्ता यांनी तो गोल चिंध्यांसारखा फाटतो.

धोकाही सगळीकडे सारखा नसतो. ब्रिटनमध्ये 2004 पर्यंत भागाप्रमाणे श्रेणी होत्या: दाट, जोखमीच्या भागात दोन गाड्या पाच मिनिटांत आणि तिसरी आठ मिनिटांत, तर विरळ ग्रामीण भागात एकच गाडी वीस मिनिटांत. मग ते राष्ट्रीय कोष्टक काढलं आणि जोखीम ओळखून आराखडा करणं प्रत्येक दलावर सोपवलं. गणिताने जागा निवडण्याच्या पद्धतीही 1970 च्या दशकापासून आहेत. कमीत कमी केंद्रांत सगळा भाग कसा झाकायचा, असा तो प्रश्न. पण त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये रँड या संशोधन संस्थेच्या गणिती मॉडेलांच्या आधारे काही तुकड्या बंद झाल्या, त्यात ब्राँक्ससारख्या भरपूर आगी लागणाऱ्या भागांतल्याही होत्या, आणि त्यावरची टीका अजून थांबलेली नाही.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. केंद्रातली एकमेव गाडी दिवसातला पाचवा हिस्सा वेळ आधीच बाहेर असेल, तर जवळपास दर पाचव्या वर्दीला गाडी शेजारच्या केंद्रातून येणार. तुमच्या घरापासून केंद्र दोन मिनिटांवर असून त्या दिवशी काही उपयोग नाही.

माणसांचा हिशोब लोकांना सगळ्यात जास्त चकवतो. गाडीवर चार जण हवेत, मग चार जण नेमले की झालं, असं भल्या भल्या अधिकाऱ्यांना वाटतं. वर्षाचे तास 8,760. आठवड्याला 48 तास धरले तर एका माणसाचे कागदावर 2,496 होतात. त्यातून रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा केलं की हातात साधारण 2,000 उरतात. म्हणजे एक आसन चोवीस तास भरलेलं ठेवायला चार माणसंही पुरत नाहीत, 4.4 लागतात. चार आसनांच्या एका गाडीला अठरा. शिडीची गाडी जोडली की पस्तीस.

चारच का, तीन का नाहीत? अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मानक-संशोधन संस्थेने 2010 मध्ये घराच्या आगीचे प्रयोग करून वेळ मोजला. पाइप टाकणं, शोध, सुटका, शिडी लावणं अशी 22 कामं चार जणांच्या गाड्यांनी तीन जणांच्या गाड्यांपेक्षा सुमारे 25 टक्के लवकर उरकली. शिवाय दोघं धुरात आत गेले की दोघं बाहेर तयार उभे हवेत, असा तिथला नियम आहे. तिघे पोचले, तर आत कुणी अडकल्याची खात्री नसताना दारात थांबून दुसऱ्या गाडीची वाट बघायची.

इमारतीला एकदाच पैसे लागतात, उद्घाटन होतं, फोटो येतो. पगार दर महिन्याला लागतो. त्यामुळे नव्या केंद्राची बातमी वाचलीत तर गाड्या मोजू नका; पहाटे तीनला गाडीवर प्रत्यक्ष किती जण असतात आणि चालक रजेवर गेला तर चावी कुणाकडे, एवढं विचारा. मी पाहिलेल्या एका केंद्रात दोन बंब होते. दुसरा रोज सकाळी धुवून पुसून चकचकीत ठेवायचे, आणि रात्रपाळीला तो चालवायला कुणीच नसायचं.