समितीची शिफारस झाली, तरी खटला बोर्डावरच का?

प्रश्न थोडक्यात असा: २०२१ सालचा रास्ता रोको, ११ आरोपी. आंदोलनातले खटले मागे घेण्याच्या समितीने शिफारस केली, आणि तरीही मागच्या तारखेला गैरहजर राहिलेल्या एकावर वॉरंट निघाले. मग खटला संपला की नाही?

नाही संपला. न्यायालयाचा आदेश होईपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहा, नाही तर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्या. ज्यांच्यावर वॉरंट आहे त्यांनी पोलीस दारात येण्याआधी स्वतः जाऊन ते रद्द करून घ्यावे.

‘सरकारने गुन्हे मागे घेतले’ ही बातमीची भाषा झाली. कायद्यात हा अधिकार सरकारी वकिलाचा आहे आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०. ज्या सरकारी वकिलाकडे तो खटला आहे, त्यानेच निकाल जाहीर होण्यापूर्वी अर्ज द्यायचा. शासन निर्णय किंवा समितीची शिफारस त्याला फक्त सुचवते. कागद स्वतः वाचून त्याने आपले मत बनवले पाहिजे.

अर्ज इथेच आपटतात. ‘शासन निर्णयानुसार खटला मागे घेण्यात येत आहे’ एवढी एक ओळ आणि खाली सही. असा अर्ज फेटाळला गेला तर न्यायाधीशांना दोष देता येत नाही. चंदनतस्कर वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांचे अपहरण केल्यानंतर कर्नाटकाने टाडाचे (दहशतवादविरोधी कायद्याचे) आरोप मागे घ्यायचा प्रयत्न केला, तो सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये नेमका याच मुद्द्यावर हाणून पाडला: सरकारी वकिलाने स्वतः विचार केलेलाच नव्हता. अर्जात घटना, कलमे, किती साक्षीदार झाले, पुरावा काय आहे, कोणी जखमी होते का, नुकसान किती आणि ते भरले का, आणि खटला न चालवण्यात लोकहित कोणते, हे सगळे आले पाहिजे. नुकसान भरले असेल तर पावती जोडा.

शासन निर्णयांत बहुधा जीवितहानी नको आणि नुकसान ५ लाखांच्या आत हवे, अशा अटी असतात. त्यात बसलो म्हणजे सुटलो, असे समजू नका. १३ मार्च २०१५ रोजी केरळ विधानसभेत आमदारांनी जी मोडतोड केली, तिचे नुकसान २,२०,०९३ रुपयेच होते. तरी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला मागे घेऊ दिला नाही. त्यानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट २०२१ मध्ये, आजी-माजी खासदार-आमदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत, असा आदेश झाला. तुमच्या ११ जणांत कोणी माजी आमदार असेल तर त्याचा अर्ज तिथे अडकेल. बाकीच्यांसाठी वेगळा अर्ज द्यायला सांगा.

आता तुमची कलमे पाहा. भादंवि म्हणजे भारतीय दंड विधानाची १४३ (बेकायदा जमाव), ३४१ (वाट अडवणे), १८८ (सरकारी आदेश मोडणे) आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे १३५ (पोलिसांचा मनाई आदेश मोडणे) एवढीच असतील तर हे समन्स खटल्याचे, म्हणजे दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांचे, काम आहे. त्यात रीतसर दोषारोप ठेवावा लागत नाही, म्हणून संमती मिळताच निर्दोष मुक्तता होते. वॉरंट खटल्यात, म्हणजे त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत, दोषारोप ठेवण्याआधी माघार झाली तर फक्त दोषमुक्ती, ठेवल्यानंतर निर्दोष मुक्तता. हा फरक पुढे जाचतो, कारण दोषमुक्ती म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे. ३५३ (सरकारी नोकरावर कर्तव्य बजावताना हल्ला किंवा बळाचा वापर) लागले असेल तर गणित बदलते. महाराष्ट्राच्या दुरुस्तीमुळे त्याची शिक्षा ५ वर्षांपर्यंत गेली आणि काम सत्र न्यायालयाकडे आले, म्हणजे अर्जही तिथल्या सरकारी वकिलाने द्यायचा. शिवाय मार खाल्लेला पोलीस हा पीडित. कलम ३६० नुसार पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय संमती देता येत नाही. तुमचा खटला १ जुलै २०२४ पूर्वीपासून, म्हणजे नवी संहिता लागू होण्याआधीपासून, प्रलंबित असल्याने त्याला ३२१ लागू पडते, असे म्हणता येते. पण अर्जावर दोन्ही कलमे टाकून पीडिताला नोटीस काढलेली बरी. वाद पुढे ढकलण्यापेक्षा तिथेच मिटतो.

रेल रोको, केंद्राच्या मालमत्तेचे नुकसान किंवा सीबीआयचा तपास असेल तर आधी केंद्र सरकारची परवानगी लागते. राज्याच्या समितीची शिफारस तिथे पुरत नाही.

अर्ज फेटाळला तर ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज (वरच्या न्यायालयाने तो आदेश तपासावा म्हणून) करता येतो. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध तो सत्र न्यायालयात चालतो. मंजूर झाला तर आदेशाची प्रमाणित प्रत प्रत्येक आरोपीने स्वतंत्र काढावी आणि ११ नावे नीट जुळतात का, जामीनबंधपत्रे रद्द केल्याचे लिहिले आहे का, ते बघावे. एक प्रत पोलीस ठाण्यात पोच घेऊन द्या. चारित्र्य पडताळणीत किंवा पासपोर्टच्या वेळी जुनी नोंद ‘प्रलंबित’ म्हणून वर येते, तेव्हा हीच पोच दाखवावी लागते.