मोठ्याने वाचताना पान ओलांडता येत नाही

प्रश्न असा आहे: "अलीकडे तुम्ही कोणत्या कथा-कादंबऱ्या वाचल्या? भयकथा, विज्ञानकथा, ग्रामीण, पौराणिक, काहीही चालेल. कोणती आवडली, कोणती नाही, आणि का?"

आधी एक सांगते, कारण माझी सगळी मतं तिथूनच आली आहेत. गेलं दीड वर्ष मी बहुतेक पुस्तकं मोठ्याने वाचली आहेत. माझे सासरे, नाना, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आता 81 वर्षांचे आहेत आणि काचबिंदूमुळे त्यांना छापील अक्षर लागत नाही. मुलाने मोबाइलवर ऑडिओबुक लावून दिली होती. दोन दिवस ऐकली आणि म्हणाले, "ह्याला मधे थांबवून काय इचारता येत न्हाई." तेव्हापासून रात्रीची जेवणं आवरली की साडेआठ ते साडेनऊ मी वाचते आणि ते ऐकतात. पुस्तकं लक्ष्मी रोडवरच्या नगर वाचन मंदिरातून आणते, काही अप्पा बळवंत चौकातून विकत घेते.

मोठ्याने वाचायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की पान ओलांडता येत नाही. मनात वाचताना वर्णनं, लांबलेली स्वगतं, पत्रं यांच्यावरून माझी नजर नुसती घसरत जायची आणि ते माझ्या ध्यानातही यायचं नाही. आता प्रत्येक वाक्य तोंडातून जातं. नुसती जागा भरायला घातलेलं वाक्य जिभेला लगेच कळतं. त्यामुळे पुस्तक कुठल्या प्रकारातलं आहे यावरून मी आता काहीच ठरवत नाही. ज्या पानांवर काही घडत नाही, ती पानं लेखकाने कशी लिहिली आहेत एवढंच बघते.

सुरुवात 'बनगरवाडी'ने केली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची, म्हणजे अलीकडची मुळीच नाही, पण कॉलेजनंतर मी ती आत्ताच हातात घेतली. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, वाडीला हाताशी धरून तालीम बांधतो, मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. गोष्ट एवढीच. नाना मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे. माझं माहेर सदाशिव पेठेतलं. तिसऱ्या रात्री मी कारभाऱ्याचं बोलणं माझ्या पेठी उच्चारात भराभर वाचत होते, तेव्हा नानांनी हात वर केला. "आगं, आसं न्हाई. ह्यो माणूस दमानं बोलतोय. तू लई पळतीस." आणि तेच वाक्य त्यांनी म्हणून दाखवलं. शब्द तेच होते. पण दोन शब्दांच्या मधे त्यांनी जी जागा सोडली, तिच्यात मला तो म्हातारा घोंगडी घेऊन बसलेला दिसला. कॉलेजात ह्या कादंबरीवर मी चांगली आठ-दहा पानांची उत्तरं लिहिली होती, आणि ती जागा मला कधी ऐकूच आली नव्हती.

दुष्काळाची शेवटची पानं आम्हाला तीन रात्री पुरली, कारण नाना मधेमधे 1972 चा दुष्काळ सांगत होते. त्यांची आई खडी फोडायच्या कामावर जायची, सुकडी पदरात बांधून आणायची. मेंढरं रात्री कोंडायच्या जाळीला वाघर म्हणतात, ती कशी लावतात, हे त्यांनी टॉवेल आणि दोन उशा घेऊन पलंगावर मांडून दाखवलं. माझं मत विचाराल तर मराठीत दुःखावर इतकं कमी बोलणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही. माणसं निघून जाताना माडगूळकर आवाज चढवत नाहीत, म्हणून वाचणाऱ्याचा घसा दाटतो. शेवटच्या पानाला मला दोनदा पाणी प्यावं लागलं.

त्याच ओढीने कृष्णात खोत यांची 'रिंगाण' आणली. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. धरणामुळे गाव उठलेलं आहे आणि एक माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला पुन्हा त्या जंगलात जातो. म्हैस आता पाळीव राहिलेली नाही. ही कल्पनाच इतकी जबरदस्त आहे की पहिल्या दोन रात्री आम्ही दहापर्यंत जागलो. विस्थापनावर खूप लिहून येतं, भाषणंही होतात. पण जनावर माणसाला ओळखेनासं होतं हे डोळ्यांसमोर आल्यावर घर जाणं म्हणजे काय ते मला जास्त कळलं. तक्रार आहे ती मधल्या भागाबद्दल. तिथे कादंबरी तेच तेच वळसे घेते. नावच रिंगाण आहे, गोल फिरणं तिच्या स्वभावातच आहे हे मान्य, तरी मोठ्याने वाचताना धाप लागते. नानांना मात्र ते खटकलं नाही. "जनावर हुडकताना आसंच हुतं, त्याच त्या जागी धा बारी जातोस," म्हणाले. मी माझी तक्रार मागे घेत नाही, पण त्यांचं म्हणणंही खोटं नाही.

मग चव बदलायला भयकथांचे नारायण धारप. धारप (1925–2008) पुण्याचेच, आणि आमच्या घरी ते चोरून वाचायचे लेखक होते. आई म्हणायची, असलं वाचून झोप उडेल. माझ्या वयाच्या पुष्कळ पुणेकरांनी धारप आधी वाचले आणि साहित्य म्हणजे काय ते नंतर शिकले. त्यात धारप आणि साहित्य यांची फारकत उगाच झाली असं मला आता ठामपणे वाटतं. मोठ्याने वाचायला धारपांसारखा लेखक नाही. वाक्यं छोटी, श्वास कुठे घ्यायचा ते बरोबर ठरलेलं. वाडा, माजघर, बंद खोली, कडी, जिना ही जागा आधी इतकी नीट मांडून देतात की नंतर कडी नुसती हलली तरी पुरतं. 'लुचाई' मुळात स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. तरी वाचताना ते गाव परकं वाटत नाही, कारण घरं आणि घरांतल्या सवयी आपल्या आहेत. धारपांच्या कथेचा धागा असलेला 'तुंबाड' सिनेमा आल्यापासून नवीन मुलं धारपांकडे वळली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

जिथे जमत नाही तेही सांगते. 'समर्थ' या नायकाच्या गोष्टींत समर्थ आले की माझी भीती संपते. आता सगळं ठीक होणार हे कळून चुकतं आणि उरलेली पानं नुसती निस्तरण्याची होतात. ज्या गोष्टींत वाचवायला कोणी येत नाही त्या धारपांच्या खऱ्या गोष्टी. आणि त्यांच्या बायका बऱ्याचदा घाबरण्यापुरत्याच असतात, हे वीस वर्षांपूर्वी मला खुपलं नव्हतं, आता खुपतं.

मधे एका अनुवादित थ्रिलरवर पैसे घातले. नाव घेत नाही. चाळीस पानांत सोडून दिलं. त्यातला पोलीस दर दोन पानांनी खांदे उडवत होता, आणि एक बाई 'थंड नजरेने हवेत बघत' होती. नाना प्रत्येक वेळी विचारायचे, म्हणजे काय केलं तिनं? मला सांगता येईना. रहस्य चांगलं असेलही. पण माणूस उठतो कसा, बसतो कसा, हेच मराठीत आलं नसेल तर खून कोणी केला याची मला उत्सुकता राहत नाही.

20 मे 2025 ला जयंत नारळीकर गेले. त्या आठवड्यात आम्ही 'यक्षांची देणगी' काढली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, म्हणजे परीक्षकांना नाव ओळखू येऊ नये. हे नानांना सांगितल्यावर ते इतके खूश झाले की कथा सुरू व्हायच्या आधीच लेखक त्यांचा झाला. 'गंगाधरपंतांचे पानिपत' मी लागोपाठ दोन रात्री वाचली. पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय, हा प्रश्न पुण्यात पानपट्टीवरही चघळतात. 14 जानेवारी 1761 ची ती लढाई अजून आपल्या बोलण्यात आहे. विश्वास गेला पानिपतात, असं आपण सहज म्हणून जातो. कथेत ती गोळी विश्वासरावांना चाटून जाते आणि तिथून इतिहास दुसऱ्या रस्त्याला लागतो. कथा मला पूर्ण पटते ती मात्र एका कागदामुळे. त्या दुसऱ्या जगात जाऊन आलेल्या गंगाधरपंतांच्या खिशात तिथल्या बखरीचं एक पान राहून जातं. स्वप्न म्हणून सगळं झटकून टाकावं तर तो कागद हातात आहे. माझ्या भाच्याला अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात हीच कथा 'द ॲडव्हेंचर' म्हणून आहे. त्याला मी मराठीतली वाचून दाखवली तेव्हा म्हणाला, ही तर गोष्ट आहे, आम्हाला धडा वाटला होता.

शेवटी विज्ञान समजावून सांगणारा संवाद येतो, तो मला वर्गातल्या तासासारखा वाटतो. दोन माणसं बोलत नाहीत, एक सांगतो आणि दुसरा बरोबर ठिकाणी शंका काढतो. नारळीकरांची माणसं बहुतेकदा अशीच असतात. मला हे उणं वाटतं. नानांना नाही. त्यांनी तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला आणि इंजिनाच्या टायमिंगचं उदाहरण देऊन मला दोन रस्ते फुटतात म्हणजे काय ते समजावलं.

सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' परत वाचली. अठराव्या वर्षी ती आमची बायबल होती, आता संवादांच्या टाळ्या ऐकू येतात. कट्ट्यावरची दोस्ती अजून खरी वाटते, बाकी फार नाही.

गौरी देशपांडे मात्र मी नानांना वाचून दाखवत नाही. तेवढं पुस्तक माझं. 'एकेक पान गळावया' (1980) मी मेट्रोत वाचते, स्वारगेट ते शिवाजीनगर, ऑफिसला जाता-येता. बाविसाव्या वर्षी तिच्या बायकांचा मला हेवा वाटायचा. काय बोलतात, कशा निघून जातात. आता शेहेचाळीसाव्या वर्षी त्यांच्या मोकळेपणाला पैसा आणि इंग्रजी यांचा केवढा टेकू आहे ते दिसतं. कामाला येणाऱ्या बाईला त्या जगात आवाज नाही, हेही दिसतं. आणि तरीही, नवरा गेल्यावर मुलांना हवी तशी आई व्हायला नकार देणाऱ्या त्या बाईजवळ मी दरवेळी थांबते. परवा मंडई स्टेशनला डोळे भरून आले. समोरच्या मुलीने न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. ह्या पुस्तकाबद्दल मला तटस्थपणे काही लिहिता येणार नाही.

सध्या चालू आहे ते कन्नड लेखक एस. एल. भैरप्पांचं 'पर्व', उमा कुलकर्णींच्या अनुवादात. सप्टेंबर 2025 मध्ये भैरप्पा गेल्यावर घेतलं. महाभारतच, पण देव, शाप, वर, चमत्कार काही नाही. सगळी माणसं. मला धास्ती होती की नाना चिडतील, ते रोज सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणतात. पहिल्या काही पानांत मद्रदेशाचा म्हातारा शल्य येतो, घरातली लग्नाची बोलणी, कन्याशुल्क, आणि युद्धाची कुजबुज. नाना गप्प ऐकत राहिले. पुढे युद्धाची पानं आली. एवढ्या लोकांना धान्य कुठून, पाणी कुठून, घाण कुठे करायची, प्रेतांचा वास. तेव्हा ते उठून बसले. "हे कुनी लिवलंच न्हवतं. आमच्या डेपोत पंढरीच्या वारीला जादा गाड्या सुटायच्या तवा पयला सवाल हाच. मानसं जेवनार कुठं, बसनार कुठं." त्यांच्या श्रद्धेला धक्का लागला असं मला दिसलं नाही. सहस्रनाम चालूच आहे.

ह्या अनुवादाबद्दल मला फार सांगावंसं वाटतं. उमाताई पुण्यातच राहतात. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे आणि त्या ऐकून मराठीत उतरवायच्या. म्हणजे हे पुस्तक मराठीत आलंच आहे कानावाटे, एका घरात, एकाने वाचून आणि दुसऱ्याने ऐकून. कदाचित त्यामुळेच एवढा जाडजूड ग्रंथ असूनही मी वाचताना कुठे अडखळत नाही. वाक्यं लांब आहेत, पण श्वासाला जागा आहे. त्या थ्रिलरच्या आणि ह्या अनुवादाच्या मधे नेमकं काय आहे ते मला इथे कळलं.

दोष? आहे. पात्रं एकेकटी बसून आठवत राहतात, आणि पाचव्या-सहाव्या पात्राच्या आठवणींपर्यंत सगळ्यांचा आवाज एकसारखा व्हायला लागतो. कुंती आणि द्रौपदी वेगळ्या ऐकू येतात. भीम येतो. बाकीच्यांसाठी मला नाव पुन्हा मोठ्याने घ्यावं लागतं, नाहीतर नाना विचारतात, "आता कोन बोलतंय?"

तुम्हाला एकच सुचवायचं तर 'बनगरवाडी' घ्या, आणि घरातल्या कुणाला तरी समोर बसवून वाचा. 'पर्व'ची आमची अजून दीडशे-दोनशे पानं आहेत. काल कर्णाजवळ थांबलो. नानांनी खूण म्हणून मधे चष्म्याचं रिकामं पाकीट घातलं आहे, आणि आज दुपारपासून दोनदा विचारून झालंय की भाकरी लवकर टाकणार का.