टबातले प्रवाळ

मोठी टाकी गळतेय म्हणून प्रवाळ तीन आठवडे टबात ठेवणार आहेस ना, मग नव्या फिल्टरवर पैसे घालवण्याआधी जुन्या टाकीतले दगड उचल. प्राण्यांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते दगडांना, स्पंजला चिकटून राहतात. त्यामुळे नुसतं जुनं पाणी भरून काही साधत नाही. ६० लिटरच्या टबाला मी पाच-सहा किलो सच्छिद्र लाइव्ह रॉक, म्हणजे हेच जिवाणू वसलेले दगड, आणि संपमधला, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या पेटीतला, मळका स्पंज घेतो. मळका म्हणजे मळकाच! नळाखाली खळखळून धुतलास तर क्लोरीनने सगळे जिवाणू गेले. मी हा उद्योग एकदा केलाय. दोन दिवसांत पाणी दुधाळ आणि झोअँथिड (बटणासारखे छोटे मऊ प्रवाळ) मुठीसारखे मिटलेले.

दगड ओलेच ने. जुनी वाळू मात्र सोबत घेऊ नकोस, ढवळली की तळातली घाण वर येते आणि अमोनिया चढतो.

पॉवरहेडचं, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचं, तोंड दगडांकडे ठेव, जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू दे. खाऱ्या पाण्याची सापेक्ष घनता १.०२५, तापमान २५-२६ अंश. उडून गेलेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्याने कर, मीठ मागेच राहिलेलं असतं.

पहिला आठवडा रोज अमोनिया तपास. शून्याच्या वर दिसला की चतुर्थांश पाणी बदल, आणि दगडांच्या फटीत एखादी गोगलगाय मरून पडली नाही ना, ते आधी नाकाने शोध.